दचकी मावशी आणि सात नंबरची थप्पी

आमच्या गोदामात तिला सगळे दचकी मावशी म्हणायचे. कुणी मागून खाकरलं तरी ती दचकायची. सकाळी आठला शटर वर जाताना जो खडखडाट व्हायचा, तो वीस वर्षं रोज व्हायचा, आणि वीस वर्षं ती रोज आठ वाजता दचकायची. हमाल मुद्दाम तिच्या पाठीमागे येऊन फरशीवर पाय आपटायचे. ती छातीवर हात ठेवून "अगं आई गं" म्हणायची आणि सगळे खो खो हसायचे. मीही हसायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी काही फार चांगला दिसत नाही.

मी तिथला मोजणी कारकून. कुठल्या थप्पीत किती पोती आहेत, हे रोज बघायचं, एवढंच माझं काम. तेव्हा वय छत्तीस, पोट सुटलेलं, घरी बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. मावशी पन्नाशीची, चिपाडासारखी बारीक. तिची कामं दोन. पोत्यांतून सांडलेले गहू झाडून, चाळून पुन्हा भरायचे, आणि उंदरांचे पिंजरे लावायचे. पिंजऱ्यांचं काम आधी एका धिप्पाड माणसाकडे होतं. त्याला महिन्याकाठी पाच-सहा उंदीर सापडायचे. तो आजारी पडला म्हणून आठवडाभर ते काम मावशीकडे आलं, आणि त्या आठवड्यात तिनं चाळीस पकडले. मग ते तिच्याच गळ्यात पडलं.

"मावशी, मंत्र टाकता की काय?" मी एकदा विचारलं होतं.

"मंत्र कसला, भाऊसाहेब? तो कशाकशाला घाबरतो ते मला कळतं. मीही त्यालाच घाबरते."

ती खरंच बोलत होती. ती गोदामात कधी मधून चालायची नाही. एक खांदा भिंतीला लावून, कडेकडेनं. कुठल्याही खोलीत शिरली की आधी दुसरं दार कुठं आहे ते बघायची. तिच्या थोरल्या बहिणीसोबत ती दोन खोल्यांच्या घरात राहायची, आणि तिथंही म्हणे मागच्या दाराची कडी तिनं कधी गंजू दिली नव्हती. नवा पिंजरा आणला की तीन-चार दिवस तो नुसता उघडा ठेवायची, आत खाणं टाकून. "घुशीला नवी वस्तू दिसली की ती लगेच जवळ जात नाही. लांबून बघते. शहाणी असते ती." मग पाचव्या दिवशी चाप ओढायची. पिंजरा पाण्याच्या पिंपात बुडवताना ती तोंड दुसरीकडे करायची, पण बुडवायची. एकदा म्हणाली, "ह्यांच्याकडूनच शिकायचं आणि ह्यांनाच मारायचं. पण काम आहे. कुणीतरी करणारच."

आता सात नंबरच्या थप्पीकडे येतो.

थप्पी म्हणजे पोत्यांचा डोंगर. लाकडी चौकटींवर पोतं आडवं, त्यावर उभं, पुन्हा आडवं, असं करत छताजवळ पोचलेला. थप्पी आणि भिंत यांच्यामध्ये एक बोळ सोडलेला असतो, माणूस तिरका होऊन जाईल एवढाच. औषध मारायला आणि मोजायला त्यातून जावं लागतं. सात नंबरची थप्पी गोदामाच्या अगदी टोकाला, गळक्या पत्र्याखाली. पावसाळ्यात तिच्या मधल्या थरांत पाणी मुरलं होतं आणि तिथली पोती कुजून दबत होती. वरवर कुणाला काही दिसत नव्हतं.

मावशी एका सोमवारी साहेबांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. हे नवलच होतं. साहेबांसमोर ती कधी स्वतःहून यायची नाही.

"साहेब, सात नंबरला उंदीर नाहीत."

"मग छानच की!" साहेब म्हणाले. "तुम्हाला बक्षीस देऊ का?"

"तसं नाही. गेल्या आठवड्यापर्यंत होते. पिल्लंपण होती. आता ताजी लेंडी नाही, कुरतडलेलं नाही, काही नाही. पिल्लं तोंडात धरून निघून गेलीत सगळी. भरलेलं धान्य टाकून उंदीर असा जात नाही."

"म्हणजे?"

 मावशी अंगातल्या कामाच्या कोटाच्या बाहीचं टोक पिरगाळत राहिली. "मला तिथं भीती वाटतेय," एवढंच म्हणाली.

साहेब हसले. मी शेजारच्या टेबलावर होतो. मीही हसलो. "मावशी, तुम्हाला शटरचीही भीती वाटते," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती गेली.

गुरुवारी तपासणीचं पथक यायचं होतं. बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला साहेबांनी मला सात नंबर पुन्हा मोजायला पाठवलं. जेवण झालेलं, डोळ्यांवर झापड. फोन टेबलावर चार्जिंगला लावून मी पाटी आणि पेन्सिल घेऊन बोळात शिरलो. पोट आत ओढून तिरका सरकत मी मध्यापर्यंत पोचलो, तेव्हा मागून हाक आली.

"भाऊसाहेब! बाहेर या."

बोळाच्या तोंडाशी मावशी उभी होती. एक हात भिंतीवर, दुसरा छातीवर.

"दहा मिनिटं, मावशी. झालंच."

"आधी बाहेर या. पोती कुरकुरतायत. ऐका ना."

मी ऐकलं नाही. "तुम्ही व्हा पुढे," असं म्हणून मोजत राहिलो. मला वाटलं ती गेली. पण ती आत आली. जिला शटरच्या आवाजानं घाम फुटायचा ती बाई, त्या बोळात, मला हाताला धरून ओढायला आली. तिची गार बोटं माझ्या मनगटावर पडली आणि त्याच वेळी वरून एक आवाज झाला. मोठा नव्हता. कुणीतरी जाड कापड सावकाश फाडावं तसा.

मग उजेड गेला.

मी खाली कसा बसलो ते आठवत नाही. बहुतेक तिनंच ओढलं. डोक्यावरून डोंगर धावत गेल्यासारखं झालं, भिंत हादरली, कानात दडे बसले, आणि नाकातोंडात धूळ गेली. थांबलं तेव्हा मला एवढं कळलं की मी जिवंत आहे आणि मला काही दिसत नाही. वरची पोती घसरून भिंतीला टेकली होती. त्यांच्याखाली, भिंतीच्या कडेला, एक तिरकस पोकळी उरली होती. त्या पोकळीत आम्ही दोघं. ताठ बसलं तर डोकं पोत्याला लागत होतं. दोन्ही बाजूंना बोळ बंद.

मी ओरडलो. काय ओरडलो कोण जाणे, बायकोचं नाव, साहेबांचं नाव, काहीही. मग अंधारात हाताला एक पोतं लागलं. ते ओढलं तर वाट होईल असं वाटून मी सगळा जीव लावून ते ओढलं. पोतं फाटलं. गहू धो धो येऊ लागले. पावलं बुडाली, पोटऱ्या बुडाल्या, गुडघे बुडाले. मी पाय उपसायला जावं तर ते आणखी घट्ट बसत होते. वरून पुन्हा तो कापड फाटल्याचा आवाज आला आणि मी लहान मुलासारखा रडू लागलो.

एक हात माझ्या तोंडावर आला. खरखरीत, धुळीनं भरलेला.

"गप्प. हलू नका. अजिबात हलू नका."

तिचे दातांवर दात आपटत होते, ते मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"मावशी, मरणार आपण."

"मला पण फार भीती वाटतेय, भाऊसाहेब. पण आधी थिजायचं असतं. उंदीर आधी थिजतो. लगेच पळाला तर तो भलतीकडेच पळतो. आधी ऐका."

आम्ही ऐकत राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. माझ्या हिशेबानं तासभर, खरं म्हणजे दोन-तीन मिनिटं असतील. गव्हाची धार हळूहळू बारीक झाली आणि थांबली. वर कुठंतरी पोती एकमेकांवर दबत होती, तो कुरकुर आवाज आता मलाही येत होता. इतकी वर्षं त्या गोदामात काढून तो मी पहिल्यांदा ऐकला.

मग तिनं माझे पाय मोकळे केले. ओढून नाही. एका एका ओंजळीनं गहू उपसून ती मागे टाकत होती. मी हातभार लावायला गेलो की म्हणायची, "तुम्ही नुसते बसा. तुमचा जोर घात करेल." मध्येच थांबायची, ऐकायची, पुन्हा उपसायची. एक पाय निघाला. दुसऱ्या पायाचा अंगठा वेड्यावाकड्या दिशेला गेला होता. मला कळ आली आणि मी ओठ चावून धरला.

"झरोका आहे," ती कानाशी म्हणाली. "ह्या भिंतीला खाली, डावीकडे. त्याची जाळी मी पाच वेळा बांधली आणि पाच वेळा उंदरांनी कुरतडली. तिथूनच जायची ती. गहू उजवीकडून आलाय, म्हणून डावीकडेच जायचं. माझ्या कोटाचं टोक धरा."

"मला दिसत नाही काही."

"दिसायचं काय त्यात? चिचुंद्रीची पिल्लं बघितलीत कधी? एकमेकांचं शेपूट तोंडात धरून आईच्या मागे जातात. डोळे कुठं चालतात त्यांचे? सोडू नका म्हणजे झालं."

मी कोट धरला. ती भिंतीला खांदा लावून सरपटू लागली, मी मागे. पोटानं, कोपरानं, एकेक वीत. मध्ये एका ठिकाणी पोत्यानं वाट इतकी दाबली होती की माझं पोट अडकलं. पुढेही जाता येईना, मागेही. वरचं पोतं माझ्या पाठीवर टेकलेलं. मी श्वास घ्यावा तर ते जाणवत होतं. त्या क्षणी मला लेकीचं दप्तर आठवलं, त्याची तुटलेली चेन दुरुस्त करायची राहिली होती. मरताना मोठमोठं काहीतरी आठवतं असं वाटायचं. मला चेन आठवली.

"श्वास सोडा," पुढून आवाज आला. "सगळा सोडा. फुगून जाता येत नाही कुणाला. सोडा आणि सरका."

मी सोडला. सरकलो.

झरोक्याशी पोचलो तेव्हा समोर फिकट उजेडाचा एक चौकोन दिसला आणि मी पुन्हा रडलो. जाळी कोपऱ्यातून कुरतडलेली होती. मावशीनं ती पायानं ढकलून पाडली. झरोका फूटभर उंच, त्याहून जरासा रुंद. मी बघितलं आणि मला कळलं. तिलाही कळलं होतं. ती मावली असती. मी मावणार नव्हतो.

"मावशी," मी म्हणालो. 

"मी जाते," ती म्हणाली.

एवढंच. एक खांदा बाहेर, मग डोकं, मग ती गेली. कोटाचं टोक माझ्या हातातून निसटलं. बाहेर तिची पावलं धावत लांब गेली आणि ऐकू येईनाशी झाली.

त्या दिवसाचा सगळ्यात वाईट भाग कुठला असं मला लोक विचारतात. त्यांना वाटतं पोती कोसळली तो. तो नव्हे. तो हा. ती गेली आणि मी त्या चौकोनासमोर गाल जमिनीला टेकून पडलो होतो. मनात आलं, कशाला परत येईल ती? जी आयुष्यभर पळवाट बघत आली, तिला ती मिळाली. आम्ही सगळे तिच्यावर हसलो. मी तर परवाच हसलो. मी असतो तर आलो असतो का परत? ह्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं पडल्या पडल्या मिळालं, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही. वर पोती दबत होती. मी श्वास मोजत होतो.

मग माणसांचे आवाज आले. पण ते भिंतीच्या बाहेरून नव्हते, गोदामाच्या आतून होते. मुकादम ओरडत होता, "खालची पोती ओढा रे! वाट करा!" माझ्या डोक्यावर एकदम हालचाल झाली, धूळ गळली, आणि वरचं पोतं बोटभर खाली आलं.

तेवढ्यात एक किंकाळी ऐकू आली. गोदामातल्या कुणीही तो आवाज त्याआधी ऐकलेला नव्हता.

"हात लावाल तर बघा! एकानंही पोत्याला हात लावायचा नाही! भाऊसाहेब खाली चिरडले जातील! बाहेर चला, भिंतीकडे!"

"मावशी, तुम्ही बाजूला व्हा," साहेबांचा आवाज. "भिंत फोडायला वरून परवानगी..."

"तुम्ही परवानगी काढा. पहार कुठंय?"

पुढचं मला हमालांनी नंतर सांगितलं. ती स्वतः पहार घेऊन मागच्या अंगणात धावली. पहार तिला उचलवत नव्हती, तरी झरोक्याच्या शेजारच्या विटेवर तिनं पहिला घाव घातला, दुसरा घातला, तिसऱ्याला पहार हातातून सुटली. मग मुकादमानं ती उचलली. मला आतून एवढंच दिसलं की चौकोनाच्या कडा थरथरतायत. आणि मग त्या चौकोनातून एक हात आत आला. तळव्याची सालटी निघालेला, रक्तानं माखलेला. त्यानं माझं मनगट पकडलं.

"भाऊसाहेब, मी इथं आहे. तोंड खाली ठेवा, विटा पडतील."

"मला वाटलं तुम्ही..."

"मला पण तसंच वाटत होतं," ती म्हणाली. "अंगणाच्या फाटकापर्यंत पळाले होते मी. मग थांबले."

वीस मिनिटांत भोक पुरेसं मोठं झालं. मला ओढून काढलं आणि अंगणात उन्हात टाकलं. त्यानंतर पाच-सात मिनिटांनी उरलेली थप्पी बसली. भिंतीच्या भोकातून गव्हाचा आणि धुळीचा एक फवारा बाहेर आला.  मावशी दोन्ही कानांवर हात ठेवून पायरीवर बसली होती.

माझा अंगठा मोडला होता आणि दोन बरगड्यांना चीर गेली होती. ते महिन्या-दीड महिन्यात बरं झालं. दुसरं लवकर झालं नाही. मला बंद खोलीत झोप येईना. अंघोळीला गेलो तरी कडी लावायचो नाही. मुलगी शेजारच्या खोलीत खुर्ची सरकवायची आणि मी ताडकन उठायचो. दहा-बारा दिवसांनी एकदा तिनं हसून बायकोला सांगितलं, "बाबा दचकतात." मी त्या दिवशी मावशीच्या घरी गेलो.

दार थोरल्या बहिणीनं उघडलं. ती उंच, ठसठशीत, मोठ्या आवाजाची. पिशव्या शिवायची. तिनं मला बसवलं आणि आत ओरडली, "धाकटे, तुझे भाऊसाहेब आलेत!" आत भांडं पडलं. मावशी दचकली होती.

"लहानपणापासून अशीच," बहीण म्हणाली. "आई म्हणायची, हिचं कसं होणार? मी विहिरीत उड्या मारायचे, ही काठावर बसून रडायची. आणि परवा पेपरात हिचं नाव!"

मावशी पाणी घेऊन आली. तळवे अजून पट्टीत होते.  मी म्हणालो, "मावशी, ही भीती जाते कधी?"

 मला धीराचं काहीतरी ऐकायचं होतं.

"माझी तर कधी गेली नाही," ती म्हणाली. "आधी मला लाज वाटायची तिची. मग ह्या पिंजऱ्यांच्या कामात बघितलं. एवढासा जीव, शिंग नाही, विष नाही, कुणीही यावं आणि खाऊन जावं. तरी सगळीकडे आहे तो. घाबरतो म्हणूनच आहे. जो उंदीर घाबरत नाही तो माझ्या पिंजऱ्यात पहिल्याच दिवशी येतो."

"पण तुम्ही परत आलात. उंदीर आला असता?"

"पिल्लांसाठी येते उंदरी. मी बघितलंय." मग ती ओशाळली. "तुम्ही काही माझं पिल्लू नाही, भाऊसाहेब. का आले ते मला नाही सांगता येत. घाबरतच आले, एवढं खरं."

बहीण शिवणयंत्रावरून म्हणाली, "मी असते तर भोक पडायच्या आधीच पोती उपसली असती!"

"हो ताई," मावशी म्हणाली. "आणि भाऊसाहेब आज इथं नसते."

मी कामावर परत गेलो तेव्हा गोदामात एक गोष्ट बदलली होती. ती कुणी लिहून काढलेली नव्हती. सकाळी शटर वर गेलं की हमाल बाहेरच थांबायचे. मावशी एकटी आत जायची, भिंतीला खांदा लावून सगळ्या थप्प्यांमागून फिरून यायची, लेंड्या बघायची, कान लावायची. ती बाहेर येऊन मान हलवेपर्यंत कुणी पोत्याला हात लावायचं नाही. साहेब धुसफुसायचे, पण थांबायचे. तिच्या पाठीमागे पाय आपटणं केव्हाच बंद झालं होतं.

ती निवृत्त व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात एकदा तिला आत फार वेळ लागला. बाहेर ट्रक उभे, ड्रायव्हर शिव्या देतायत, आम्ही दाराबाहेरच्या फरशीवर उभे. अर्ध्या तासानं ती आली. चेहरा पांढरा.

"आज नाही," ती म्हणाली.

"का?" साहेबांनी विचारलं. "काय दिसलं?"

"दिसलं काही नाही. आज नाही."

साहेबांनी आमच्याकडे बघितलं. मुकादमानं खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि पायरीवर बसला. मग एकेक करत सगळे बसले. ट्रक दिवसभर रिकामे उभे राहिले. मी दुपारी डबाही अंगणातच खाल्ला, पाठ भिंतीकडे करून, तोंड फाटकाकडे. काही कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आत जाऊन आली, मान हलवली आणि काम सुरू झालं. आदल्या दिवशी खरंच काही होणार होतं का, ते आम्हाला कधीच कळलं नाही, आणि तिला कुणी विचारलंही नाही.